पास-नापास जाधवभाऊ

जाधवभाऊ कुणाच्याही घरी आले की आत येण्याआधी उदबत्ती पेटवत. पूजेसाठी नव्हे, घरातला वारा बघायला. उंबऱ्यात उभे राहून ते धुराकडे एकटक बघत. धूर खिडकीकडे निघाला तर घर पास, जागीच घुटमळला तर नापास. "धूर खोटं बोलत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

तळमजल्यावरच्या म्हात्रेकाकू मूळच्या जवळच्याच अंजूर गावच्या. त्या एकदा म्हणाल्या, "भाऊ, उदबत्ती पेटवलीच हाय, तं आदी आमचे देवाला ओवाला, मंग वारा बगा." भाऊंनी मुकाट्याने देवाला ओवाळलं आणि वळून सांगितलं, "काकू, तुमचं कपाट वाऱ्याच्या वाटेत येतंय. नापास."

भिवंडीत आमची बारा बिऱ्हाडांची सोसायटी. मी तिचा सेक्रेटरी. भाऊ सगळ्यात वरच्या मजल्यावर, टेलिफोन खात्यात नोकरीला. नव्वदच्या आसपासची गोष्ट. ठाण्याच्या एका संस्थेने वीज-पाणी वाचवणाऱ्या, हवेशीर आणि शांत इमारतींना प्रमाणपत्र द्यायचं ठरवलं, आणि भाऊंना दुसरं काही सुचेना. ऑफिसात कुणीतरी त्यांना विचारलं होतं, "भिवंडीत माणसं राहतात, की नुसते लूम?" तेव्हापासून ते म्हणत, "आपणही श्वास घेतो, हे एकदा कागदावर यायला हवं."

वर्षभर त्यांनी आम्हाला कामाला जुंपलं. ऊन परतवून लावायला गच्चीला चुना फासला. पावसाचं पाणी पाइपाने मागच्या विहिरीत सोडलं. दिवसा दिवा लागू नये म्हणून जिन्यात जाळ्या बसवल्या. मी मीटर बघत होतो. जिन्याची वीज निम्म्यावर आली, हे मान्य करायला हवं.

शेवटची अट आवाजाची. इमारतीच्या मागेच लूमची, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रमागांची शेड, दिवसरात्र खटखट. त्या बाजूच्या खिडक्यांना जाड लाकडी झडपा लावून आवाज बंद करायचा. एक घर जरी राहिलं तरी प्रमाणपत्र नाही. शेडचे मालक अन्सारीभाई आमच्याच इमारतीत. "जाधवसाब, मेरेच लूम का आवाज मेरेच घर में बंद करूं?" असं म्हणून ते खो खो हसले, पण पहिल्या झडपा बसल्या त्या त्यांच्याच घरी.

तपासणीला संस्थेचे साहेब आले. पुढे भाऊ, मागे कागद घेऊन मी. अकरा घरं पास झाली. म्हात्रेकाकूंनी कपाटसुद्धा हलवलं होतं. राहिलं भाऊंचं घर. ते आजवर कुणी तपासलंच नव्हतं; परीक्षकाची परीक्षा घेणार कोण?

मागच्या खोलीची खिडकी सताड उघडी होती. झडपा होत्या, पण दोरीने मागे बांधलेल्या. खटखटीने पेल्यातलं पाणी थरथरत होतं, आणि त्या गदारोळात भाऊंचे वडील गाढ झोपले होते. म्हातारबाबा शेलार गावचे. उभी हयात लूमवर गेलेली. झोपायचे तेही शेडमध्ये, कापडाच्या गठ्ठ्यांवर. आता त्यांना फारसं काही आठवत नसे.

"भाऊ, हे काय?" मी पुटपुटलो.

साहेब भले होते. म्हणाले, "पाच मिनिटं बंद करा. आवाज बघतो आणि सही करतो."

भाऊंनी एकदा बाबांकडे बघितलं. मग त्यांनी दोरी सोडली आणि झडपा लावल्या. खोली शांत झाली.

म्हातारबाबा दचकून उठून बसले. हात हवेत काहीतरी चाचपू लागले. "बंद पडली? कोनता धागा तुटला रं? शेट वरडल आता!" ते पलंगावरून उतरू लागले.

आमच्याशी नेहमी शुद्ध मराठी बोलणारे भाऊ त्यांना धरून म्हणाले, "न्हाय बाबा, कायपन तुटला न्हाय. चालू हाय लूम. निजा तुमी." आणि दुसऱ्या हाताने त्यांनी झडप ढकलली. खटखट आत आली. म्हातारबाबांचे खांदे सैल पडले. ते आडवे झाले.

साहेबांनी पेन खिशाला लावलं. "पाच मिनिटांचाच प्रश्न होता हो. बरं, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा."

"एवढ्यात नको, साहेब," बाबांच्या अंगावर चादर ओढत भाऊ म्हणाले. "जितकी वर्षं उशीर होईल, तितकं बरं."