लावणीच्या आठवड्यातली चिप

हिंजवडीजवळच्या चांदे गावात खोली शोधत होतो, तेव्हा तीन घरमालकांनी मला तेच तीन प्रश्न विचारले: लग्न झालंय का, मटण खाता का, मित्र किती येतात. चौथ्या घरी नाना भेटले. त्यांनी मला टाचेपासून टाळूपर्यंत न्याहाळलं आणि एकच प्रश्न केला, "कंपनीत तुमी ज्या कॉम्प्युटरवर बसता, त्याच्या पोटात कोन हाय?"

मी परभणीकडचा. हिंजवडीतल्या एका कंपनीत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या विभागात लागून मला जेमतेम महिना झाला होता. मला आधी वाटलं, हा भुताखेतांचा मामला दिसतोय. मग लक्षात आलं, की धोतर-बंडीतले हे गृहस्थ प्रोसेसरविषयी विचारताहेत. मी मॉडेल सांगितलं. नानांचा चेहरा पडला.

"खायाचा दाणा," ते म्हणाले. "असूंद्या. खोली बघून घ्या."

'खायाचा दाणा येगळा, ठेवायचा दाणा येगळा' हे नानांचं ब्रह्मवाक्य. जन्मभर भात पिकवलेला माणूस. मळणीआधी शेतातून एकेक लोंबी पारखून बियाण्यासाठी बाजूला काढायची, हे हातात मुरलेलं. पुढे ही पारख त्यांनी सगळ्या जगाला लावली. सरपंच खायाचा दाणा. टीव्हीवरची गाणी खायाचा दाणा. मी तिथे पाच वर्षं भाडेकरू होतो आणि शेवटपर्यंत 'पाव्हनं'च राहिलो. माझ्याबद्दलचा निकाल त्यांनी राखून ठेवला होता.

ठेवायचे दाणे मात्र त्यांच्याकडे होते. अकरा मिसळणाचे डबे भरून. प्रत्येक डब्यात सात वाट्या, वाटीत कापूस आणि कापसावर एकेक जुना प्रोसेसर. "माज्या हळदीला घरात वाटी न्हाई," काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "आन् ह्यांच्या किड्यांना अकरा डबं हायेत!"

हे वेड गोठ्यातून सुरू झालं. बैल विकल्यावर नानांनी रिकामा गोठा एका भंगारवाल्याला भाड्याने दिला. कंपन्यांनी टाकलेले कॉम्प्युटर तिथे येऊन पडायचे. भंगारवाला ते फोडून पत्रा वेगळा करी, तांबं वेगळं करी आणि चिपा पोत्यात भरून सोनं काढणाऱ्यांकडे पाठवी. एकदा नाना अनवाणी आत गेले आणि पायाला काहीतरी टोचलं. पाहतात तो पांढऱ्या चिनी मातीची लांबट चिप, वर सोन्याची चौकोनी टिकली. "काटा म्हनून उचललं," ते सांगायचे, "तर काट्यालाच चाळीस पाय!"

कुणा भाडेकरूने त्यांना सांगितलं, की अख्खा कॉम्प्युटर या एवढ्याशा तुकड्याच्या डोक्याने चालतो. नाना म्हणे तासभर ती चिप तळहातावर घेऊन बसले होते. "देवळात गेलो तरी माजं डोस्कं असं गप होत न्हाई," ते मला म्हणाले. पहिल्यांदा हे ऐकून मी हसलो होतो. नंतर कधी हसलो नाही.

कारण मी ज्या धंद्यात पगार घेत होतो, त्यातलं शहाणपण मला नानांनी शिकवलं. जुन्या चिपांना एवढं मोल का येतं, असं मी एकदा विचारलं, तर त्यांनी पाय पोटाशी घेतले आणि सुरू झाले. "ज्याच्यात सोनं जास्त, त्योच आधी मेला. लोकांनी आशिडात घालून इरघळवला. म्हनून ऱ्हायलेला दुर्मीळ." मग दुसरा डबा उघडला. "ह्यो बाजारात पडला. कुनी घेतला न्हाई, म्हनून कंपनीनं थोडाच पिकवला. आता ह्याच्याच मागं पळत्यात." तिसऱ्या डब्यातल्या चिपेला त्यांनी बोटही लावू दिलं नाही. ती विकायच्या आधी नुसती तपासायला बनवलेली. काम झालं की मोडून टाकायची, असा नियम. कुणीतरी खणात विसरला म्हणून जगली. "बियान्याचं बियानं, पाव्हनं!" असं म्हणताना त्यांचा आवाज खाली आला. माझाही आला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जुनी मशिनं भंगारात टाकताना माझा हात आपोआप थांबला. तोवर मी किती दाणे चुलीत घातले होते, देव जाणे.

नानांची निगाही तशीच. वाकलेला पाय सरळ करायला काटा काढायचा चिमटा, डोळ्याला भिंग आणि श्वास रोखलेला. चिपेवरच्या छापाला तर ते फुलासारखं जपायचे. "अक्षर पुसलं, की वाण गेला." एका दिवाळीत काकूंनी तांब्याच्या भांड्यांबरोबर एका चिपेची टिकलीही चिंच लावून लख्ख घासली. नाना दोन दिवस घरात कुणाशी बोलले नाहीत.

चिपेच्या पाठीवर चार आकडे असतात, ती बनली ते वर्ष आणि त्या वर्षातला आठवडा. मला ते फक्त आकडे दिसायचे. नानांना हंगाम दिसायचा. "एकेचाळिसावा आठवडा. म्हंजी तिकडं ही बनत हुती, तवा हितं भात पिवळा पडलेला." पायाला टोचलेली ती पहिली चिप अठ्ठाविसाव्या आठवड्यातली, ऐन लावणीतली. ती पहिल्या डब्यात मधल्या वाटीत असायची.

नानांची एकुलती लेक सुमन. ती अमेरिकेत अशाच चिपा बनवणाऱ्या कंपनीत होती, हे मला वर्षभराने आणि तेही काकूंकडून कळलं. इलेक्ट्रॉनिक्स शिकायला नानांचा विरोध, वर्गातल्या मुलाशी लग्न करायला तर फारच. आमच्याकडे लेकीला भांडी देतात ती नाव घालून. पातेलं काळं पडतं, पण माहेर पुसलं जात नाही. नानांनी लग्नाला पाऊल टाकलं नाही आणि वर म्हणाले, "ह्या घरातलं एक भांडं तुला मिळायचं न्हाई." आठ वर्षं झाली होती. दर रविवारी तिचा फोन यायचा. काकू आत बोलायच्या आणि नाना ओट्यावर भिंग लावून चिपेचे पाय सरळ करत बसायचे. एकदा मी जवळून पाहिलं, तर चिमट्यात चिपच नव्हती. मी पाय न वाजवता खोलीत गेलो.

अशात पुण्याहून दातार आले. निवृत्त इंजिनियर, जुन्या चिपांचे नामांकित संग्राहक. खिशातून पांढरे हातमोजे काढून घातले आणि डबे पाहू लागले. मधल्या वाटीशी ते थांबले आणि वाकून पाहू लागले. "नाना, या घडणीची सुरुवातीची चिप मी फक्त चित्रात पाहिली आहे. म्हणाल ती किंमत देतो."

नानांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "भात निघूंद्या. मंग न्या." शब्द दिला. नानांचा शब्द म्हणजे सातबारा, असं गावात म्हणत.

भात निघाला आणि त्याच सुमारास सुमनचा फोन आला. आठ वर्षांनी येतेय, चार दिवसांसाठी. काकूंनी पदर डोळ्याला लावला. नानांनी मला बाहेर गाठून विचारलं, "पाव्हनं, तिला चिपा बघाया आवडत्याल का? का तिकडं रोजचंच आसतंय?"

ती रविवारी यायची होती. दातार शनिवारीच हजर झाले. हातमोजे घालून त्यांनी पहिला डबा उघडला आणि मधल्या वाटीतली चिप उजेडात धरली. सोन्याच्या टिकलीवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलं होतं: 'सुमन'. खाली बारीक अक्षरात, 'नाना'.

"अहो, हे काय केलंत! हे काय भांडं आहे?"

"व्हय," नाना म्हणाले. "पौडला भांड्याच्या दुकानातनं नाव घालून आनलं."

"याची किंमत गेली हो सगळी!"

"ठाव हाय मला." नाना जमिनीकडे बघत होते. "तुमाला शब्द दिल्याला. मला न्हाई म्हनता येत न्हवतं. आता तुमीच न्हाई म्हना."

मी दारात उभा होतो. मला क्षणभर वाटलं होतं, की अडाणी माणसाने घोटाळा केला. पण छापाचं मोल त्या घरात नानांइतकं कुणाला कळत होतं? जन्माची दौलत त्यांनी स्वतःच्या हाताने बाद केली होती, तीही शब्द न मोडता. दातारांनी हातमोजे काढले, चहा घेतला आणि "नाही घेत बुवा," असं म्हणून ते उठले. काकूंनी त्यांना नव्या तांदळाची पिशवी दिली.

रविवारी सकाळी नानांनी मला ओट्यावरून हलू दिलं नाही. "हितंच बसा. मला काय बोलाया सुचायचं न्हाई. तुमी चिपंचं बोला." मला काही बोलावं लागलं नाही. सुमन आली, पाया पडली. नानांनी डबा तिच्यापुढे सरकवला.

तिने चिप उचलली आणि आधी पाठ पाहिली, त्या धंद्यातली माणसं पाहतात तशी. आकडे वाचले. वर्ष तिच्या जन्माचं होतं. बोटांवर आठवडे मोजत ती थांबली.

"लावणी," ती म्हणाली.

"तुजी आई चिखलातनं उठून घरी आली, त्योच आठवडा," नाना म्हणाले.

मग तिने चिप उलटी केली. नावावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. "नाना, नाव घातलं म्हणजे किंमत गेली की ओ हिची."

"गेली. आता कुनी मागाया येनार न्हाई. तू घिऊन जा."

काकूंनी डब्यातली रिकामी वाटी उचलली, आत गेल्या आणि हळद भरून आल्या. लेकीच्या कपाळाला बोट लावताना त्यांना रडू आवरेना. नाना भिंग डोळ्याला लावून उरलेल्या सहा चिपांचे पाय मोजत बसले होते.