चमेलीसाठी स्थळ

दुष्काळाच्या आदल्या वर्षी, संक्रांत झाल्यावर, धुळ्याच्या देवपुरातल्या मांगीलालभाऊंनी चमेलीसाठी आलेले चौथे स्थळ नाकारले. चमेली ही त्यांची पांढरी पॉमेरेनियन कुत्री. नकाराचे कारण त्यांनी पाहुण्यांना तोंडावर सांगितले, "हा तिचा सख्खा मामा लागतो."

मी तेव्हा धुळ्याच्या एका दैनिकात बातमीदार होतो आणि भाऊंच्या कापडदुकानासमोर राहत होतो. भाऊ मारवाडी जैन, विधुर, मूलबाळ नाही. चमेली त्यांच्याबरोबर सूर्यास्तापूर्वी जेवायची. कांदा-लसूण तिलाही वर्ज्य होते.

भाऊंचे म्हणणे खोटे नव्हते. धुळे-जळगावातली बहुतेक पॉमेरेनियन कुत्री एकाच जोडीची संतती होती. भुसावळहून बदली झालेला एक रेल्वे अधिकारी ती जोडी मागे ठेवून गेला. पुढे भावंडांचीच पिल्ले होत गेली आणि पुष्कळांच्या मागच्या पायांत एक दोष उतरला. चालता चालता गुडघ्याची वाटी सरकायची. कुत्रा चार पावले तीन पायांवर उड्या मारी, पाय झटके, पुन्हा नीट चालू लागे. मालक कौतुकाने सांगत, "नाचतो हो आमचा."

भाऊ म्हणत, "नाचत नाही. घराणं बोलतंय."

म्हणून स्थळ आले की ते आपल्या समाजातल्या सोयरिकीप्रमाणे चार गोत्रे विचारत : मुलाचे, आईचे, वडिलांच्या आईचे, आईच्या आईचे. मग नवरदेवाला दुकानाच्या गादीवर आडवे करून अंगठ्याने गुडघे चाचपत. पारोळ्याचे एक शेतकरी वैतागून म्हणाले, "भाऊ, कुत्री शे ती. नवरी थोडी शे?"

"तुमच्या घरी असेल कुत्री," भाऊ म्हणाले.

अखेर जळगावचे स्थळ जमले. कुत्रा इंदूरहून आणलेला, चारही गोत्रे बाहेरची, गुडघे घट्ट. भाऊंनी पेढे वाटले. तीन पिल्ले झाली. तिन्ही कोणाकडे जाणार हे ठरले होते, आणि घेणाऱ्यांना भाऊंनी गुडघ्यांची हमी दिली होती.

दिवाळीच्या सुमारास त्यातले एक पिल्लू ओट्यावर धावताना मागचा पाय उचलून उड्या मारू लागले. भाऊ त्याला आणि चमेलीला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेले. मी बरोबर होतो. डॉक्टरांनी पिल्लाचा गुडघा पाहिला. मग चमेलीचे दोन्ही पाहिले. तिच्याही वाट्या सरकत होत्या.

"पिढीजात आहे. आईकडून आलंय," डॉक्टर म्हणाले. "हिचे पाय कधी तपासले नव्हते?"

भाऊंनी चमेलीला टेबलावरून उचलून घेतले. "मुलीचा बाप मुलाकडचं बघतो, साहेब."

"यावर औषध नाही. पुन्हा पिल्लं होऊ देऊ नका. जिना नको, आणि उंचावरून उडी तर अजिबात नको."

भाऊ पिल्ले ठरवलेल्या तिन्ही घरी स्वतः गेले. उंबऱ्याबाहेर उभे राहूनच त्यांनी सांगितले, "आमच्या मुलीत दोष आहे. तुम्हाला अंधारात ठेवणार नाही." दोघांनी तरीही पिल्ले नेली. लंगडणारे भाऊंकडे राहिले.

चमेली भाऊंच्या पलंगावरच झोपायची. तो सागवानी पलंग त्यांच्या लग्नात सासऱ्यांनी दिलेला होता. हमालांनी तो माडीवरून दुकानामागच्या खोलीत उतरवला. भाऊंनी सुतार बोलावला.

सुतार लाकडावरून हात फिरवत म्हणाला, "भाऊ, असं लाकूड आता मिळत नही. उडी कुत्री मारस, त्याले पलंग काय करी?"

"काप," भाऊ म्हणाले.

त्याने चारही पाय कापले. पलंग जमिनीपासून वीतभर उंच उरला.