तारखेला झालेलं बाळ

तृप्ती शेवाळेचं बाळ चार तारखेला, म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेल्या तारखेलाच, जन्मलं. फक्त ते पोटातून बाहेर आलं नव्हतं.

यात घरात कुणाला काही वावगं वाटलं नाही. सासूबाई, म्हणजे माई, शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आणि ठरलेली तारीख त्यांनी आयुष्यात कधी पुढे ढकलली नव्हती. सकाळी सातलाच त्यांनी फोनाफोनी सुरू केली. तृप्तीच्या नवऱ्याने, संदेशने, ऑफिसात बाप झाल्याची पंधरा दिवसांची रजा टाकली आणि दुपारपर्यंत आळीत पेढे वाटून तो मोकळा झाला. नगरपालिकेतल्या कारकुनाने दवाखान्याच्या फाइलवरची तारीख पाहिली आणि जन्माचा दाखला करून दिला. मुलगा की मुलगी, एवढंच त्याने विचारलं. माईंनी मुलगा सांगितलं, कारण झबली आधीच निळी आणलेली होती.

तृप्ती तेव्हा कॉटवर कुशीला वळून पडली होती. आपल्याला एकही कळ आलेली नाही, असं तिने दोनदा सांगून पाहिलं. बाळंतिणीने पहिल्या दिवशी फार बोलू नये म्हणून माईंनी तिच्या हातात डिंकाचा लाडू दिला.

अकरा तारखेला डॉक्टर बारटक्के बाईंनी तपासून सांगितलं की आता औषध देऊन कळा आणलेल्या बऱ्या. माई म्हणाल्या, बारसं होऊन जाऊ दे. हॉल ठरलाय, दीडशे माणसं यायचीत, त्यात कुणी कळा देत बसलेलं बरं दिसत नाही. बारटक्के बाईंनाही आमंत्रण होतं. त्यांनी मान डोलावली.

बारशाला आपल्याकडे पाळण्यात आधी वरवंटा घालतात आणि मग बाळ. शेवाळ्यांकडे बाळ हजर नव्हतं, तेव्हा वरवंट्यावरच भागवण्यात आलं. त्याला कुंची घातली, गालबोट लावलं आणि आत्याने त्याच्या जवळ वाकून ओजस हे नाव सांगितलं. बायकांनी पाळणा म्हटला. कपाळ आजोबांचं घेतलंय यावर सगळ्यांचं एकमत झालं. पोर रडत नाही, कुणाकडेही जातं, असं कौतुकही झालं. तृप्ती दिवस भरलेलं पोट घेऊन खुर्चीवर बसून होती आणि येणारी प्रत्येक बाई तिला बाळंतपणानंतर पोट लवकर उतरायला काय बांधावं ते सांगून जात होती.

बारसं उरकून घरी आल्यावर तिच्या रागाला पारावार राहिला नाही. तिने पाळण्यातून ओजसला उचललं आणि खिडकीशी गेली. माई मागून आल्या. ओरडल्या वगैरे नाहीत. "मानेखाली हात घाल गं," एवढंच म्हणाल्या. आणि तिने खरोखरच मानेखाली हात घातला. खिडकीतून फेकलं असतं तर वाटलं असतं, त्यापेक्षा जास्त वाईट तिला नंतर याचं वाटलं.

पोटातलं बाळ मात्र मंदावत चाललं होतं. परवा त्याने तासाभरात दहा वेळा हालचाल केली होती, काल सहा, आणि सोळा तारखेच्या सकाळी तास उलटून गेला तरी तीनच. तृप्ती घाबरली. तिने संदेशला उठवलं आणि दवाखान्यात चल म्हणाली. त्याने तिचं नीट ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "अगं, माझी रजा संपत आली. परत कुठल्या तोंडाने मागू? बारा दिवसांत दुसरं झालं म्हणून सांगू?" त्याचं म्हणणं एवढंच होतं की हे असंच थोडे दिवस राहू दे, निदान दोघांत दोन वर्षांचं अंतर पडेल.

ती एकटी रिक्षा करून गेली.

बारटक्के बाईंनी तपासलं. पाणी कमी झालं होतं. बाळाचं डोकं खाली सरकलेलं होतं, ठोके अजून चांगले होते, पण उद्यापर्यंत थांबायला आपण सांगणार नाही, असं त्या म्हणाल्या. औषधाने आणलेल्या कळा जास्त दुखतात, दिवसभर लागू शकतो, आणि एवढं करूनही शेवटी पोट कापावं लागू शकतं, हेही त्यांनी लपवलं नाही. तृप्तीने सगळं ऐकलं आणि करा म्हणाली.

तिथे अडचण आली. तिची फाइल चार तारखेला बंद झाली होती. बाळ जन्मलेलं होतं, त्याचं बारसं झालेलं होतं, आणि बारटक्के बाई स्वतः तिथे जेवून आल्या होत्या. नवीन फाइल उघडता येत होती, पण चार तारखेला मोकळ्या झालेल्या बाईच्या पोटात आज मूल असेल तर ते फार तर बारा दिवसांचं. बारा दिवसांच्या गर्भाला कळा आणायची पद्धत नाही. बाई नियमाच्या पक्क्या होत्या. त्यांनी कपाटातले सगळे फॉर्म काढले आणि एकेक वाचून बाजूला ठेवला. बारा दिवसांच्या गर्भाला लागू पडेल असा एकच निघाला.

"हा चालेल," त्या म्हणाल्या. "औषध तेच देणार आहे मी. बाळ व्यवस्थित बाहेर येईल. कागद फक्त हा."

फॉर्म गर्भपाताचा होता. त्यावर ना नवऱ्याची सही लागत होती ना सासूची. नऊ महिन्यांत तृप्तीच्या एकटीच्या सहीवर चालणारा हा पहिलाच कागद होता. वर छापलं होतं, मला हे मूल नको आहे. खाली नाव, तारीख, सही.

तिने दोनदा वाचलं. हा कागद पुढे कधी त्या पोराच्या हाती लागेल, असं तिच्या मनात आलं. मग सकाळपासूनच्या त्या तीन हालचाली आठवल्या आणि तिने सही केली.

"आता सिस्टरसमोर मोठ्याने म्हणावं लागेल," बारटक्के बाई म्हणाल्या. "साक्षीदाराला ऐकू जायला हवं."

तृप्ती टेबलावर आडवी झाली. डोकं खाली आहे असं मघाशी सांगितलं होतं. बाळाचे कान कुठे असतील याचा अंदाज घेत तिने ओटीपोटावर दोन्ही बाजूंनी तळवे घट्ट दाबून धरले.

"मला हे मूल नको आहे," ती म्हणाली.

सिस्टरला नीट ऐकू आलं नव्हतं. तृप्तीने हात न काढता पुन्हा एकदा, मोठ्याने म्हटलं. मग सिस्टरने सलाईन सुरू केलं.