क्रेचेकमधलं मीठ

क्रेचेकमध्ये मीठ घातलं की नाही, हे वार्सितीला काही केल्या आठवेना. रोज्यांचे दिवस, संध्याकाळचे पाच वाजलेले, त्यामुळे चाखायची सोय नव्हती. चुलीवर म्हशीच्या कातडीचे फुगलेले तुकडे नारळाच्या दुधात रटरटत होते आणि पाऊण तासात गल्लीतली दहा माणसं रोजा सोडायला तिच्याकडे येणार होती.

एरवी तिने अंदाजाने मीठ टाकलं असतं आणि विषय संपला असता. पण त्यांच्या क्लातेन गावात जेवण खारट झालं की त्याचा अर्थ शेंबडं पोरही सांगतं: रांधणारीला लग्नाची घाई झाली आहे. बाकीच्या बायका हे हसण्यावारी नेत. वार्सितीला ते जमण्यासारखं नव्हतं, कारण तिला खरोखरच लग्न करायचं होतं.

टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, विकणाऱ्या कुंचोरोने आठवड्यापूर्वी विचारलं होतं. तोही एकटाच, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. आजींच्या कानावर घाल, मग रीतसर येतो, एवढंच तो म्हणाला. आजी म्हणजे म्बाह तुमी, वार्सितीची अठ्ठ्याहत्तर वर्षांची सासू. नवरा गेल्यापासून नऊ वर्षं दोघी एका छपराखाली राहत होत्या आणि म्हातारीला दुसरं कुणी नव्हतं. तुम्हाला सोडून जाते, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? वार्सिती रोज पहाटे धीर करून तोंड उघडायची आणि भात वाढू का, एवढंच विचारून मिटायची.

आज कुंचोरोही जेवायला येणार होता.

शेवटी तिने कुंपणावरून आग्नेसला हाक मारली. आग्नेस ख्रिस्ती, तिला रोजा नव्हता. तिने चमचा जिभेला लावला आणि अळणी आहे म्हणून मान हलवली. वार्सितीने चमचाभर मीठ टाकून ढवळलं. दारापर्यंत गेल्यावर आग्नेसने गाल धरला. तीन वाजता दाढ काढली, अजून तोंड बधिर आहे, असं ती जड जिभेने बोलली.

"अगं, मग आधी नाही का सांगायचंस?"

"तू मिठाचं विचारलंस. दाढेचं कुठे विचारलंस?"

वार्सिती चुलीकडे धावली. तिने उरलंसुरलं नारळाचं दूध ओतलं, टोफूचे तुकडे टाकले, मग तांब्याभर पाणी टाकलं. आता ते अळणी झालं असेल की काय, या विचाराने हात पुन्हा मिठाकडे गेला आणि मागे आला. म्हातारीला भांड्यापाशी बसवून ती आंघोळीला पळाली.

मशिदीतला नगारा वाजला. सगळ्यांनी गोड चहा घेतला आणि पानं वाढली गेली. पहिला घास हार्नीने घेतला आणि तिचा चेहरा आवळला. गल्लीत तिच्याइतकं मोठ्याने कुणी बोलत नसे.

"वार्सिती, नवऱ्यामुलाचं नाव तरी सांग आम्हाला."

हास्याचा नुसता गदारोळ झाला. वार्सितीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. कुंचोरो मान खाली घालून जेवत होता.

"मीठ मी घातलंय," म्बाह तुमी म्हणाली.

हार्नीने जपून विचारलं, "आजी, म्हणजे तुम्हाला...?"

"मला नाही गं. ही आंघोळीला गेली तेव्हा दोन मुठी टाकल्या. आठवडा झाला, हिच्या तोंडून शब्द फुटेना. आणि घरात टेंपेचा ढीग लागलाय. दोन बायका खाऊन खाऊन किती टेंपे खाणार? म्हटलं, भांड्यालाच बोलू दे."

वार्सितीला रडू आवरेना. "पण आई, तुम्ही एकट्या कशा राहाल?"

"एकटी कशाला राहू? मी तुझ्याबरोबर येणार. त्याला चालणार असेल तर."

म्हातारी कुंचोरोकडे वळली. त्याचं पान स्वच्छ झालं होतं, शेजारी पाण्याचे तीन रिकामे पेले होते आणि डोळे लाल झाले होते. गल्लीतल्या सगळ्यांसारखा तोही तिला आजवर आजीच म्हणत आला होता.

"काय रे, जेवण कसं झालंय?"

सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. त्याने पळी उचलली आणि पानात पुन्हा क्रेचेक वाढून घेतलं.

"मीठ जरा कमीच आहे, आई," तो म्हणाला.