कलम सतरा

नागोरावकाका आपल्या भाडेकरूला नोटीस पाठवतात ती स्पीड पोस्टाने. भाडेकरूचं दुकान काकांच्या घराखालीच, चौदा पायऱ्या उतरल्यावर. काका त्या पायऱ्या उतरतात, दुकानावरून पोस्टात जातात, पाकीट देतात आणि येताना गफूरभाईंना सलाम करून वर येतात. दोन दिवसांनी पोस्टमन तेच पाकीट गफूरभाईंच्या हातात ठेवतो.

"हातात दिलं की ते बोलणं होतं. पोस्टाने गेलं की कागद होतो," असं काकांचं म्हणणं.

हैदराबादच्या गौलीगुड्यात मी त्यांची शेजारीण. त्यांची खिडकी माझ्या गॅलरीपासून हातभर लांब. काका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावरून निवृत्त झाले, पण ते टेबल मनाने घरी घेऊन आले. लग्नपत्रिका आली की तिच्यावर 'प्राप्त' असा शिक्का बसतो. दूधवाल्याने उद्या येत नाही म्हटलं की उत्तर, "नोंद घेण्यात आली." संक्रांतीला मी तिळगूळ दिला, तेव्हाही तेच. मी फार हसत नाही. माझ्या फ्रिजवर 'करायच्या याद्या' अशी एक यादी आहे.

गफूरभाई बारा वर्षं खाली शिलाईचं दुकान चालवतात. पायरीवर चिंध्या पडल्या, नोटीस. पाटी दोन बोटं बाहेर आली, नोटीस. गफूरभाई त्या सगळ्या जपून ठेवतात, कारण त्या जाड कागदावर कॉलरचा फर्मा सुरेख निघतो. काकांच्या अंगातल्या शर्टाची कॉलर त्यांच्याच नोटिशीवर बेतलेली आहे, हे मला माहीत आहे. काकांना नाही.

यंदाचं प्रकरण मात्र गंभीर होतं. गफूरभाईंचे गुडघे धरले, ते दुपारनंतर येऊ लागले. सकाळी शटर उघडायला त्यांनी सुजाता नावाची बाई आणली आणि पुढचं अर्धं दुकान तिच्या फॉल-पिकोच्या मशीनला दिलं. काकांना विचारलं नाही. करारात पोटभाडेकरू ठेवायला साफ मनाई होती. स्पीड पोस्टाने नोटीस गेलीच.

काका माझ्याकडे आले ते करार आणि एक नवंकोरं कुलूप घेऊन. शुक्रवारी सकाळी दुकानाला लावणार म्हणाले.

"काका, कुलूप लावलंत तर आज त्यांची असलेली चूक उद्या तुमची होईल," मी म्हटलं आणि वही उघडली. एक, करार पूर्ण वाचणे. दोन, कोणतं कलम मोडलं ते लिहिणे. तीन, गफूरभाईंचं ऐकणे. चार, सुधारायला मुदत देणे. कुलूप यादीत नव्हतं, म्हणून ते मी माझ्या कपाटात ठेवलं.

"पावती दे," काका म्हणाले. दिली.

मग करार वाचायला घेतला. सोळा कलमं टाइप केलेली होती. सतरावं हाताने लिहिलेलं. 'भाडेकरूने रोज सकाळी शटर उघडताच मालकास खालून आवाज द्यावा. उत्तर न आल्यास वर जाऊन पाहावे.'

तारीख पाहिली. काकू गेल्या त्यानंतरचा तो पहिला करार. मुलगा बंगळुरूला. काका एकटेच.

रोज सकाळी खालून येणारं "खैरियत, साब?" मी इतकी वर्षं ऐकत होते. मला वाटायचं, गफूरभाई स्वभावानेच अदबशीर. आणि गेले कित्येक दिवस ते ऐकू आलं नव्हतं, हे मला आत्ता कळलं.

"पोटभाडेकरूचं काय ते तू बघ," काका कराराची घडी घालत म्हणाले. "सतराचं उल्लंघन एकवीस दिवस झालंय."

आम्ही दोघं दुपारी खाली गेलो. गफूरभाईंचा चेहरा उतरला होता. बारा वर्षांचं दुकान जाणार, असंच ते धरून बसले होते.

"पहले पूछना था ना, गफूरभाई," काका म्हणाले.

"पूछता तो नोटिस आती, साब. नहीं पूछा तो बी आई."

काकांच्या मिशा किंचित हलल्या. मी तिथेच पुरवणी करार लिहिला. सुजाताला मालकाची लेखी संमती. पुन्हा न विचारता बदल केला तर संमती रद्द. आणि कलम सतरा, शटर जो उघडेल त्याला लागू. सुजाताने वाचून घेतलं, मान डोलावली. सह्या झाल्या, शिक्का बसला. निघताना गफूरभाईंनी मला हळूच विचारलं, एखादी जास्तीची प्रत मिळेल का. कॉलरकू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गॅलरीत उभी राहिले. खाली शटर कडकडत वर गेलं.

"बाबाय," सुजाताची तेलुगू हाक आली. काका, असं.

मी खिडकीकडे कान लावला. मग खिडकीतून, "नोंद घेण्यात आली."

माझा जीव भांड्यात पडला. मी वळणार, तेवढ्यात खालून पुन्हा आवाज आला, "टिफिन अयिंदा, बाबाय?"

नाश्ता झाला का, हा प्रश्न करारात कुठेच नव्हता. काकांच्या खिडकीत कागद सळसळले. कलम शोधत असावेत.

"इंका लेदम्मा," ते शेवटी म्हणाले. अजून नाही गं. त्या आवाजावर शिक्का नव्हता.

थोड्या वेळाने चौदा पायऱ्यांवर पावलं वाजली, वर चढणारी, आणि स्टीलच्या डब्याचं झाकण.

मी वहीतली चारही कामं खोडली. कुलूप माझ्या कपाटातच आहे. पावती काकांकडे आहे, पण ते मागायला आलेले नाहीत.