पार्किंगमधलं कोवळम

आमच्या इमारतीतले पंचनदराव लॉकडाऊनमध्ये दर शनिवारी कोवळमला मुक्कामाला जायचे, आणि त्यासाठी पार्किंगच्या बाहेर पाऊलही टाकायचे नाहीत.

कोवळम म्हणजे चेन्नईहून किनाऱ्याच्या रस्त्याने गेलं की लागणारं कोळ्यांचं गाव. चेन्नईतल्या आमच्या वेस्ट मांबलममधल्या माणसाने सुट्टीला तिथे जावं यात नवल काही नाही. पण तेव्हा जिल्ह्याची हद्द ओलांडायला पास लागायचा, समुद्रकिनारे बंद होते आणि नाक्यानाक्यावर पोलीस उभे. घरात बसून आम्ही सगळे चिडचिडे झालो होतो. पंचनदरावांनी मात्र शांतपणे एक व्हॅन विकत घेतली. शाळा बंद पडल्यामुळे एका गाडीवाल्याने ती विकायला काढली होती. पिवळीधमक, पाठीवर 'मुले आहेत, सावकाश' असं तमिळमध्ये लिहिलेली.

पंचनदरावांची सगळी नोकरी रेल्वेचे डबे बनवण्याच्या कारखान्यात गेली. डब्याला बर्थ बसवण्यात हयात घालवलेला माणूस. त्यांनी व्हॅनमधली बाकं उखडली आणि दोन बर्थ बसवले, घडीचं टेबल लावलं, खिडक्यांना पडदे केले, दाराला पायरी केली. परदेशात लोक असल्या गाड्या घेऊन रानावनात राहतात म्हणे. पंचनदराव तिला 'वंडी' म्हणायचे. तमिळमध्ये बैलगाडीपासून बुलेटपर्यंत सगळ्याला वंडीच म्हणतात.

त्यांचं घराणं तंजावरचं. कधीकाळी पूर्वज महाराष्ट्रातून तिकडे गेले आणि सोबत नेलेली मराठी लोणच्यासारखी मुरवत बसले. मी सांगलीचा, बँकेच्या बदलीने इथे आलेला. पहिल्या भेटीत त्यांनी "जेवण जालं?" विचारलं तेव्हा एखाद्या जुन्या बखरीने आपली चौकशी करावी तसं मला वाटलं. पण त्यांचा सगळ्यात लाडका शब्द तमिळच होता. सुम्मा. सुम्मा म्हणजे उगाच, काही कारण नसताना. का आलात? सुम्मा. ही खुर्ची इथे का ठेवली? सुम्मा. एवढी व्हॅन का घेतली, हे विचारायची सोयच नव्हती.

शनिवार उजाडला की खालून हाक यायची, "काय करूलालात वर? या, कोवळमास या." मास्क लावून आम्ही जायचो. व्हॅनपुढे अंतर राखून खुर्च्या मांडलेल्या असायच्या. टेबलफॅनसमोर वाळ्याचा ओला पडदा लावून समुद्राच्या वाऱ्याची सोय केलेली.

"समुद्राला वाळ्याचा वास येत नाही हो," मी एकदा म्हटलं.

"आमच्या समुद्रास येतो," ते म्हणाले. वाद संपला.

मुक्कामाचा नियम एकच, आजाराविषयी बोलायचं नाही. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ ऑक्सिजनच्या गोष्टी सांगायला लागले, तेव्हा पंचनदरावांनी त्यांची खुर्ची घडी करून भिंतीला टेकवली आणि नम्रपणे म्हणाले, "सार, चेक-आउट."

स्वतः मात्र ते हातात कायम एक लिंबू बाळगायचे आणि घटकेघटकेला हुंगायचे. वास येतोय की गेला याची तपासणी तेव्हा घरोघरी चालायची, त्यामुळे मला वाटलं, नियम करणाराच सगळ्यात जास्त घाबरलेला दिसतोय.

सोसायटीच्या सेक्रेटरींना हे सगळं कसं रुचावं? एक दिवस ते खाली उतरले आणि म्हणाले, "राव सार, ही जागा वाहन उभं करायला आहे."

"उभंच आहे, सार."

"मग निदान इथून हलवा. त्या कोपऱ्यात घ्या."

पंचनदरावांनी डोकं खाजवलं. "वंडी मला चालवतां येत नाही."

ही बातमी इमारतभर पसरायला वेळ लागला नाही. फिरायची गाडी घेतली आणि गृहस्थाला चालवता येत नाही! ज्याने हुकूम सोडला त्यालाच ढकलावं लागलं. सेक्रेटरी, वॉचमन आणि मी, तिघांनी घाम गाळला. पंचनदराव लिंबू घेऊन पुढे चालत होते. गाडी कोपऱ्यात पोचल्यावर त्यांनी जाहीर केलं, "घ्या, महाबलीपुरम आलं." सेक्रेटरीसुद्धा हसले. तो कोपरा पंचनदरावांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीच्या बरोब्बर खाली होता, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या बाल्कनीचं दार बंद असायचं. आत सरसाबाई होत्या, पंचनदरावांच्या पत्नी. एकेकाळी या बाईंचा पाय घरात ठरत नसे. भाजीबाजार, देऊळ, कुणाचं डोहाळजेवण, कुणाचं बारसं. माझी बायको नीला चेन्नईत रुळली ती त्यांच्यामुळे. मग लॉकडाऊनच्या सुरुवातीलाच, व्हॅन यायच्या आधी, तंजावरला त्यांची धाकटी बहीण वारली. जायला पास हवा होता. पंचनदराव फोनवर अर्ज करत राहिले, आणि पास आला तोवर तिकडे सगळं आटोपलं होतं. सरसाबाईंनी दाराशी भरून ठेवलेली पिशवी रिकामी केली आणि म्हणाल्या, "आतां मला कुठेच जायचं नाही." आम्हाला वाटलं, दुःखाचं बोलणं आहे, निवळेल. पण पुढे पास लागेनासा झाला, बसगाड्या धावू लागल्या, देवळं उघडली, तरी बाईंनी उंबरा ओलांडला नाही. मुलगी परदेशातून फोनवर रडली, डॉक्टरांनी समजावलं. त्या सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या आणि आत जाऊन आमटीला फोडणी द्यायच्या.

नवऱ्याने समजावलं का? मला माहीत नाही. मी पाहिलं ते एवढंच, की एका सकाळी पंचनदराव व्हॅनच्या पायरीपुढे बसून कोलम काढत होते. इथे दारापुढच्या रांगोळीला कोलम म्हणतात आणि तो काढणं हे बायकांचं काम. पंचनदरावांच्या ठिपक्यांना तर ना रांग, ना अंतर. येणारेजाणारे तोंडावर हात ठेवून जात होते. तेवढ्यात वरचं बाल्कनीचं दार करकरलं.

"डावीकडचा ठिपका चुकला," वरून आवाज आला.

पंचनदरावांनी मान वर केली नाही. ठिपका पुसला आणि पुन्हा चुकीच्याच जागी दिला.

त्या दिवसापासून बाल्कनीचं दार सकाळी उघडू लागलं. वरून सूचना, खालून चुका. मग दोरीला बांधलेल्या टोपलीतून खाली कॉफी येऊ लागली, दहीभात येऊ लागला. इमारत म्हणे, म्हातारा-म्हातारीचं भांडण झालंय, त्याला खाली हाकललंय. मलाही ते पटलं होतं, खोटं कशाला बोला.

आणि मग एका शुक्रवारी पंचनदरावांनी मला वगळून फक्त नीलाला बोलावलं. "वहिनी, आज संध्याकाळीं आमच्या वंडींत चहास या." मी आगंतुकासारखा मागून गेलो. चहा झाला, गप्पा झाल्या. नीला उठेना. तिच्या मनात काय आहे ते मला कळेना.

"निघायचं ना?" मी म्हटलं.

"सवाष्ण कुणाच्या घरी शुक्रवारची आली तर हळदीकुंकवाशिवाय उठत नाही," ती म्हणाली, चांगली मोठ्याने. "दारात रांगोळी आहे, उंबरा आहे. हे घरच आहे की."

पंचनदरावांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू कारखान्यात इतकी वर्षं शोधत होते तो माप जुळणारा स्क्रू हाती लागला. मग वर तोंड करून ओरडले, "अगे, करंडा खालीं सोड!"

मग टोपली खाली आली. आत कुंकवाचा करंडा, हळद, विड्याची पानं, सुपारी, केळं, सगळं व्यवस्थित. आता लावणार कोण? पंचनदरावांनी करंडा हातात घेतला, नीलाकडे पाहिलं आणि कानापर्यंत लाल झाले.

"मी लावूं काय?" त्यांनी वर विचारलं.

"हात लावूं नक्को!" बाल्कनी थरथरली. "परक्या सवाष्णीस कुंकू लावूलाला! अय्यो, वेड लागलं काय तुम्हांस?"

आणि वरचं घराचं दार उघडल्याचा आवाज आला.

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. एक जिना उतरल्यावर पावलं थांबली. मी पंचनदरावांना म्हटलं, "वर जाऊन हात द्या ना त्यांना."

"नक्को. मला बघितलं कीं वर परत जाईल." लिंबू त्यांनी मुठीत इतकं दाबलं होतं की रस मनगटावरून ओघळत होता. पावलं पुन्हा सुरू झाली.

सरसाबाई खाली आल्या त्या कुणाकडेही न बघता. नीलाला हळद लावली, कुंकू लावलं, ओटीत विडा घातला. मग नवऱ्याला म्हणाल्या, "कोलमाचं वाटोळं केलंत." नंतर पायरी चढून आत गेल्या आणि खालच्या बर्थवर बसल्या. रेक्झिनवरून हात फिरवला, खिडकी उघडून पाहिली, लावून पाहिली. आम्ही तिघं बाहेर उभे.

"ह्या वंडींतून तंजावरास जातां येईल?" त्यांनी आतून विचारलं.

"येईल," पंचनदराव म्हणाले.

तंजावरला आम्ही मार्गळी महिन्यात, म्हणजे आपल्या मार्गशीर्षाच्या सुमारास गेलो, बहिणीच्या घरी. पण आधी रंगीत तालीम म्हणून खरं कोवळम केलं. तिथे नारळीच्या बागेत एकाने गाड्या आणि तंबू लावायला जागा दिली होती. चाक माझ्या हाती होतं. मांबलम सुटेपर्यंत पंचनदराव ठीक होते, मग त्यांचा चेहरा हिरवट होत गेला. लिंबू नाकाशी धरून त्यांनी डोळे मिटले. वाटेत त्यांच्यासाठी दोनदा गाडी थांबवावी लागली.

"ह्यांना लहानपणापासून मोटार सोसत नाही, उभी असली तरी," सरसाबाई मागून म्हणाल्या. "लग्नांत वरातीच्या गाडींतसुद्धां ओकले होते."

म्हणजे फिरायची हौस या माणसाला कधीच नव्हती. मला इतके दिवस हे सुचलं नाही याची गंमत वाटली.

पोचल्यावर सरसाबाई वाळूत भरपूर चालल्या, नीलाला मासळीच्या होड्या दाखवल्या, पाण्यात पाय भिजवले आणि दमून व्हॅनमध्ये झोपल्या. दार उघडंच होतं. पंचनदराव आपली घडीची खुर्ची घेऊन बाहेर बसले होते, समुद्राकडे पाठ आणि व्हॅनच्या दाराकडे तोंड करून.

"अहो, खरा समुद्र इकडे आहे," मी म्हटलं. "तिकडे काय बघताय?"

आत सरसाबाई कुशीवर वळल्या. त्या नीट झोपल्यात याची पंचनदरावांनी आधी खात्री केली.

"सुम्मा," ते म्हणाले, आणि डोळे पुसले.