सतरा पायऱ्यांचे सतरा गुण

"माझा निर्णय कधी चुकत नाही, कारण तो मी घेतच नाही. तक्ता घेतो!" इंजिनियरसाहेब छाती फुगवून सांगत.

क्रेन कुठली, ठेकेदार कोण, विटा कोणाच्या... साहेब निकष लावणार, प्रत्येक निकषाला वजन देणार, गुणांची बेरीज करणार. बायको म्हणे, लग्नाआधी मलाही बासष्ट गुण पडले होते. साहेब लगेच दुरुस्त करीत, "चौसष्ट!"

गुडघे कुरकुरायला लागल्यापासून साहेबांचे वडील त्यांच्याकडे राहायला आले होते. बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर पाहुण्यासारखे अंग चोरून झोपत. बाबांना हक्काची खोली द्यायची होती. जागा तीन: गच्ची, मागचं अंगण, नाहीतर दारालगतची साहेबांची ऑफिसची खोली. साइटवर तक्ता कंप्युटर करायचा. बाबांसाठी मात्र साहेबांनी प्रेमानं, स्वतःच्या हातानं मांडला. आणि जेवताना निकाल जाहीर केला.

"गच्ची! ब्याण्णव गुण, बाबा!"

बाबांचा घास क्षणभर हातातच राहिला. "वा," ते म्हणाले. "हवा छान असेल."

सकाळी दिवाण रिकामा! दोघं धावले. बाबा जिन्याच्या नवव्या पायरीवर, काखेत उशी, कठड्याला घोरपडीसारखे चिकटलेले.

"बाबा, हे काय?"

"सवय करतोय रे. आठ राहिल्या."

बायकोनं तक्ता आणला. "अहो, गच्चीला पायऱ्यांचे सतरा गुण कसे?"

"सतरा पायऱ्या आहेत म्हणून."

"आणि बाथरूमचे चाळीस?"

"चाळीस पावलं लांब..." साहेबांचा आवाज विरत गेला. जे जितकं जास्त तितकं वाईट, त्याचे गुण उलटे धरायचे असतात! ते काम आजवर कंप्युटर गुपचूप करत होता.

"म्हणजे बाबांना डोंगरावर ठेवलं असतं, तर पहिला नंबर!"

साहेब मटकन बाबांशेजारी बसले. "बाबा, एका शब्दानं बोलायचं नाही का?"

बाबा उशीचा कोपरा सारखा करत राहिले. "मला वाटलं, तुला मी लांब हवाय. तोंडानं सांगायला जड जातंय, म्हणून तक्ता केलास."

साहेबांनी उशी आपल्या मांडीवर घेतली. "तुम्हाला कुठं हवी खोली?"

"तू घरी आलास की तुझ्या बुटांचा आवाज येईल, अशी कुठंही."

हा निकष तक्त्यात नव्हताच. खिशातून पेन काढून साहेबांनी तो लिहिला. वजन, शंभर.

मग वरात उतरली. मध्येच कट्‌कन आवाज झाला.

"तुझा गुडघा?" बाबांनी विचारलं.

"छे! तुमचाच."

"माझा असा वाजत नाही. माझा कुर्र करतो."

आता दारालगतच्या खोलीत बाबा असतात. बूट वाजले की आतून हाक येते, "आलास?" आणि साहेबांचं ऑफिस गच्चीवर, पत्र्याखाली. विसरलेला चष्मा न्यायला ते तिसऱ्यांदा धापा टाकत खाली आले, तेव्हा बायकोनं पाण्याचा पेला पुढं केला.

"दमलात? अहो, एका खेपेला सतरा गुण मिळतात!"